शेजारचा प्लॉट उंच असेल तर हद्दीवर काय करावे
मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे शेजाऱ्यांनी भराव टाकून प्लॉट उंच केला असेल, तर त्या मातीचा दाब साध्या कुंपणभिंतीवर येऊ देऊ नये. प्रथम तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून हद्द निश्चित करून घ्यावी आणि मगच, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, समोरासमोर बसून बोलावे. ज्याने भराव केला, त्यानेच तो आपल्या हद्दीत अडवावा, हे मला न्याय्य वाटते. भरावाची माती अडवणाऱ्या आधारभिंतीचा पाया अभियंत्याच्या सल्ल्याने भेगाळणाऱ्या थराखाली न्यावा, भिंतीमागे खडी भरावी व पाणी निघण्यासाठी छिद्रे ठेवावीत. मात्र ते पाणी खालच्या अंगणात साचू न देता नालीने गटाराकडे वळवावे. खर्चाची वाटणी लेखी करावी.