कर्णबधिर असल्याची बतावणी करून येणारी मोठी ऑर्डर कशी हाताळावी

अमेरिकेत केटरिंग, केक, फुले, छपाई किंवा फोटोग्राफीचा छोटा व्यवसाय करणाऱ्याला कधी ना कधी एक संदेश येतोच. ‘मला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर बोलता येणार नाही. घरच्या कार्यासाठी ८० माणसांचे जेवण हवे आहे. तुम्ही क्रेडिट कार्ड घेता का?’ अशा संदेशाचे काय करावे याविषयी व्यावसायिकांमध्ये जे सल्ले फिरतात, त्यांतले बहुतेक निरुपयोगी आहेत आणि काही सरळसरळ बेकायदा आहेत. मी न्यू जर्सीत केटरिंग करते. माझ्याकडे असे संदेश वारंवार येतात आणि खरोखर ऐकू न येणारी गिऱ्हाइकेही नियमाने येतात. त्यामुळे दोघांनाही लागू पडेल अशीच पद्धत मला बसवावी लागली.

आधी ही फसवणूक चालते कशी ते पाहू. अमेरिकेत १९९०च्या अपंग हक्क कायद्याने टेलिफोन रिले सेवा देशभर उपलब्ध झाली. ऐकू न येणारी व्यक्ती मजकूर टाइप करते, मधला ऑपरेटर तो शब्दशः वाचून दाखवतो आणि आपण बोललेले टाइप करून तिला कळवतो. कोणत्याही फोनवरून ७११ लावले की ही सेवा मिळते. पुढे ती इंटरनेटवरून मिळू लागली, तेव्हा परदेशात बसलेल्या भामट्यांना आयतेच साधन सापडले, कारण उच्चार ऐकू जात नाही, मूळ ठिकाण दिसत नाही आणि गोपनीयतेच्या नियमामुळे ऑपरेटरला दुकानदाराला सावध करता येत नाही, पलीकडच्याने त्याला चोरीच्या कार्डांचे आकडे एकामागून एक वाचायला लावले तरी नाही. २०१२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने रिले सेवा पुरवणाऱ्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीविरुद्धच्या दाव्यात आरोप केला की, मिनिटाला सुमारे १.३० डॉलर या दराने सरकारी निधीतून ज्या इंटरनेट रिले कॉलचे पैसे कंपनीने घेतले, त्यांतले ९५ टक्क्यांपर्यंत कॉल परदेशी भामट्यांचे होते. २०१३ मध्ये हे प्रकरण ३५ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले, दायित्व काही निश्चित झाले नाही. २०१२ मध्येच ओळख न पटवता पाहुणा म्हणून ही सेवा वापरण्याची सोय दूरसंचाराच्या नियामक आयोगाने (एफसीसी) बंद केली. मग भामटे ईमेल आणि मोबाइल संदेशांकडे वळले. बतावणी तीच राहिली, कारण ती दोन कामे एकदम करते. ज्या फोनवर संशय फिटला असता तो फोनच ती बंद करते आणि पुढचा प्रश्न विचारायची आपल्याला लाज वाटायला लावते.

म्हणून या लेखातील सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. तपासायचा तो पैसा आणि ऑर्डर. माणसाचे कान तपासायचे नाहीत.

पहिली पायरी: उत्तर द्या, आणि नेहमीसारखेच द्या. रिलेवरून फोन आला तर तो ठेवून देऊ नका. इतर फोनला जसे उत्तर देता तसेच रिलेच्या फोनला दिले पाहिजे, असे अमेरिकेतला नियम सांगतो. ‘रिलेचा फोन आला की कट करा’ हा सल्ला देणाऱ्यांमुळे खऱ्या कर्णबधिर लोकांना साधा पिझ्झा मागवताना चार दुकानांनी फोन आपटलेला सोसावा लागतो, याचा मला मनापासून राग आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्रही मागू नका. तुम्हाला तो अधिकार नाही, आणि खोटे प्रमाणपत्र बनवणे हे भामट्याच्या दृष्टीने अर्ध्या तासाचे काम आहे.

मोडक्यातोडक्या इंग्रजीवरूनही काही ठरवू नका. अमेरिकेतल्या अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा खुणांची असते. तिचे व्याकरण इंग्रजीहून अगदी वेगळे आहे, त्यामुळे त्यांचे लेखी इंग्रजी कधीकधी अडखळते. माझे एक जुने गिऱ्हाईक असेच लिहिते. त्याच्या वाक्यात क्रियापद क्वचितच जागेवर असते, पण सुरळीच्या वड्यांवर खोबरे-कोथिंबीर किती हवी, हे तो फोटोवर खूण करून कळवतो. भामट्याचे इंग्रजी मात्र आता बहुधा निर्दोष असते.

दुसरी पायरी: ऑर्डरीविषयी प्रश्न विचारा. खऱ्या यजमानाला जेवणाची काळजी असते. तो तिखट कितपत, शाकाहारी किती, लहान मुले किती, शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी आहे, असे स्वतःहून विचारतो वा सांगतो. भामट्याला ‘एकूण किती होतील’ एवढेच हवे असते. तुम्ही पुरणपोळीऐवजी श्रीखंड सुचवले तरी ‘चालेल’, माणशी दर वाढवून सांगितला तरी ‘चालेल’. कार्यक्रमाचा हॉल कोणता, तिथे सामान किती वाजता उतरवून घेतात, स्वयंपाकघर वापरायला मिळते का, हे विचारा आणि हॉलला स्वतः फोन करून त्या तारखेचे आरक्षण खरोखर आहे का ते पाहा. बहुतेक प्रकरणे इथेच संपतात. चवीसाठी दुकानात यायचे किंवा व्हिडिओवर दुभाष्यासह बोलायचे आमंत्रणही द्यावे. पण ते आमंत्रणच असावे, अट नव्हे.

तिसरी पायरी, म्हणजे जादा पैसे घेऊन पुढे पाठवण्याची विनंती नाकारणे, हीच खरी अवघड आहे आणि मला सर्वांत जास्त काळ तीच जड गेली. ऑर्डर पक्की होत आली की एक लांबलचक, नम्र पत्र येते. समजा, तुमचे बिल १,८०० डॉलरचे आहे. पत्रात म्हटलेले असते की कार्यक्रमाचा नियोजक किंवा सामान न्यायला येणारा ड्रायव्हर कार्ड घेत नाही आणि मला ऐकू येत नसल्यामुळे बँकेत जाऊन बोलणे जमत नाही. तरी माझ्या कार्डावर ४,३०० डॉलर घ्यावेत, १,८०० तुम्ही ठेवावेत, २,४०० त्याच्या खात्यात पाठवावेत आणि उरलेले १०० तुमच्या तसदीबद्दल ठेवावेत. वाचताना वाटते, पैसे तर आपल्याकडे आधी येणार आहेत, मग आपले काय जाणार?

सगळेच जाते, ते असे. कार्ड मंजूर झाले याचा अर्थ एवढाच की कार्ड चालू आहे आणि त्यावर तेवढी मर्यादा शिल्लक आहे. ते वापरणारा त्याचा मालक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. पत्त्याची पडताळणी घराचा क्रमांक आणि पिनकोड एवढेच जुळवून पाहते. चोरलेल्या कार्डासोबत तो पत्ता आणि मागचे तीन आकडेही चोरलेले असतात. खऱ्या मालकाच्या हाती महिन्याचे विवरण पडते, तो तक्रार करतो आणि बँक पूर्ण ४,३०० डॉलर तुमच्या खात्यातून परत ओढून घेते, वर दंडाचे शुल्क लावते. समोर कार्ड न घासता केलेल्या व्यवहारात हा भुर्दंड सहसा व्यापाऱ्यावरच पडतो. ‘ड्रायव्हर’ला पाठवलेले २,४०० मात्र परत ओढणारे कुणी नसते, कारण ते तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेले असतात.

चेकचेही हेच. अमेरिकी बँकेला चेकचे पैसे काही दिवसांत खात्यात दाखवावे लागतात. पण पैसे दिसले म्हणजे चेक वटला असे नाही. तो खोटा असल्याचे काही आठवड्यांनीही कळू शकते. ‘बँकेने सांगितले, पैसे जमा झालेत’ या वाक्याच्या भरवशावर कुणालाही काहीही पाठवू नका. काउंटरवरची व्यक्ती खोटे बोलत नसते, ती फक्त खात्यातला आकडा वाचून दाखवत असते.

मग हे नाकारायचे कसे? मला जड गेले ते इथे. पलीकडची व्यक्ती खरोखर अडलेली असेल तर, या शंकेने उत्तर लिहिताना हात थबकतो. मी अनेक मसुदे करून पाहिले. ज्यांत माफी होती, ते सगळे कुचकामी ठरले, कारण माफी मागितली की समोरचा घासाघीस सुरू करतो: ड्रायव्हरला निम्मेच द्या, कार्ड दुसरे घ्या, रक्कम दोन भागांत विभागा. ज्यांत संशय बोलून दाखवला होता, ते मला पाठवणे योग्य वाटेना. शेवटी जे उतरले ते मी आजही अक्षरशः जसेच्या तसे वापरते: ‘आमच्याकडे फक्त आमच्या बिलाची रक्कम घेतली जाते. इतर कुणाचेही पैसे आम्ही आमच्यामार्फत देत नाही. हा नियम सर्व ग्राहकांना सारखा आहे. सोबत बिलाची लिंक पाठवत आहे. पैसे जमा होताच तारीख राखून ठेवू.’ यात कारण दिलेले नाही आणि ते देऊही नये, कारण प्रत्येक कारणाला भामट्याकडे तोड तयार असते. यात अपंगत्वाचा उल्लेखही नाही, आणि तो नसावाच.

यानंतर बहुधा रडारड किंवा धमकी येते. ‘मी बहिरा आहे म्हणून तुम्ही मला वेगळे वागवता, तुमच्याविरुद्ध तक्रार करीन.’ या धमकीला चांगले चांगले लोक बळी पडतात, म्हणून स्पष्ट सांगते. कायदा तुमच्याकडून सारखी सेवा मागतो. तिसऱ्या माणसाला पैसे पोचवणे ही सेवा तुम्ही कुणालाच देत नसाल, तर ती नाकारण्यात भेदभाव नाही. उलट कार्डावर घेतलेली रक्कम रोखीसारखी पुढे फिरवणे कार्ड कंपन्यांच्या नियमांत बसत नाही आणि त्यापायी तुमची कार्ड घेण्याची सोयच बंद होऊ शकते. हा नियम खरोखर सर्वांना लावा. शेजारच्या ओळखीच्या काकूंनी मंडपवाल्याचे पैसे तुमच्यामार्फत द्यायला सांगितले तरी नाही म्हणा. जो नियम काकूंसाठी वाकतो, तो धमकीपुढे टिकत नाही.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. माझ्या एकाही खऱ्या कर्णबधिर गिऱ्हाइकाला त्या चार ओळींनी दुखावलेले नाही. त्यांनी लिंक उघडली आणि पैसे भरले.

चौथी पायरी: अनोळखी माणसाच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरीचे पैसे बँकेच्या जादा पडताळणीतून जाणाऱ्या ऑनलाइन बिलानेच घ्या, त्यात फसवणुकीची जबाबदारी सहसा तुमच्यावरून उतरते. कार्डाचा क्रमांक ईमेलमधून किंवा फोनवरून, मग तो साधा असो वा रिलेचा, कुणाकडूनच उतरवून घेऊ नका. एक कार्ड नाकारले गेल्यावर लगेच दुसरे, तिसरे पुढे केले गेले तर व्यवहार तिथेच थांबवा.

पाचवी पायरी, म्हणजे जादा रक्कम आधीच घेतली गेली असेल तर: कुणालाही काहीही पाठवू नका, पूर्ण रक्कम त्याच कार्डावर परत करा आणि पेमेंट कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. ‘परतावा दुसऱ्या खात्यात द्या’ अशी विनंती हमखास येईल. ती मान्य करू नका. पैसे पुढे गेलेच असतील तर आधी ज्या बँकेतून पाठवले तिला फोन करा, मग एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींसाठीच्या संकेतस्थळावर आणि ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवा. संदेश पुसू नका. ‘ड्रायव्हर’चे नाव आणि खाते क्रमांक हा तक्रारीतला सर्वांत उपयोगी तपशील असतो.

पुण्या-नाशकात बसून अमेरिकी गिऱ्हाइकांची संकेतस्थळे बनवणाऱ्यांना हेच पत्र थोड्या फरकाने येते. त्यात ड्रायव्हरच्या जागी ‘प्रोजेक्ट कन्सल्टंट’ असतो. मजकूर आणि लोगो त्याच्याकडे आहेत, तो कार्ड घेत नाही आणि मालकाला ऐकू येत नाही, म्हणून त्याचे पैसे तुम्ही द्यावेत. उत्तर वरच्याच चार ओळींचे द्यावे. पैसे गेले असतील तर भारतात १९३० हा क्रमांक लगेच लावावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. इथे तासांचा हिशेब असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी कळले तरच ती गोठवता येते.

शेवटची पायरी दुकानातल्या माणसांसाठी. आमच्याकडे फोनशेजारच्या भिंतीवर एक कागद लावलेला आहे. त्यावर वर लिहिले आहे की रिलेचा फोन आला तर ऑपरेटरशी न बोलता थेट ग्राहकाशी बोलल्यासारखे बोलावे, वाक्य संपेपर्यंत थांबावे आणि घाई करू नये. त्याखाली ते चार ओळींचे उत्तर आहे. सुट्टीच्या दिवसांत मदतीला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी मी हा कागद मोठ्याने वाचून दाखवायला लावते, आणि संकेतस्थळावर फोन नंबरच्या शेजारीच मजकूर पाठवण्याचा नंबरही ठळक छापलेला आहे.