तालुक्याच्या गावातल्या जुन्या थिएटरचे फोटो कसे काढावेत

परवानगी मालकाकडून घ्या, वेळ मात्र ऑपरेटरला विचारून ठरवा. बाराच्या खेळाआधीचे दोन तास उत्तम. खेळ चालू असताना कॅमेरा पिशवीतच ठेवा. थिएटरात चित्रपट चोरून टिपणाऱ्याला २०२३ च्या सुधारित कायद्याने तीन महिने ते तीन वर्षांची कैद आहे, आणि ‘मी फक्त हॉल काढत होतो’ हे कुणाला पटत नाही.

मुंबईच्या रीगल (१९३३) आणि इरॉससारख्या (१९३८) थिएटरांचा आर्ट डेको थाट गावोगावी ऐपतीप्रमाणे उचलला गेला: गोलसर कोपरे, आडवे पट्टे, मधोमध नावाचा उभा खांब. रस्त्यावरून कॅमेरा वर करून काढलात की तो खांब मागे कलतो. त्यापेक्षा समोरच्या दुकानाच्या माडीवर जा, कॅमेरा सपाट धरा, जास्तीचा रस्ता नंतर कापा. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी नावाचे दिवे आणि आकाश यांचा उजेड जुळतो. वायरी पुसू नका, त्या गावच्याच आहेत.

खरी परीक्षा आत आहे. ‘आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) वाढवा’ हा सल्ला इथे कामाचा नाही. त्याने अंधारात नुसते दाणे येतात. फोनच्या एचडीआरने, म्हणजे अंधारे-उजळ भाग सारखे करणाऱ्या सोयीने, हॉल लग्नाच्या कार्यालयासारखा उजळून निघतो.

बाल्कनीच्या पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, कॅमेरा कठड्याच्या वर येईल असा ट्रायपॉड लावा. ऑपरेटरला डिजिटल प्रोजेक्टरवरून नुसता पांढरा पडदा टाकायला सांगा. ट्यूबलाइट बंद करायला लावा, भिंतीवरचे पिवळे दिवे तेवढे राहू द्या. नाहीतर हिरवा, पिवळा आणि पडद्याचा निळसर असे तीन रंग भांडत बसतात. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) ४००० केल्विनच्या आसपास हाताने ठेवा. पंखेही बंद.

आता लेन्सचं छिद्र एफ/८, आयएसओ १००. पडद्यासाठी शटर साधारण अर्धा सेकंद उघडं, प्रोजेक्टरचा दिवा जुना असेल तर एक. पडदा पांढरा दिसला पाहिजे, पण त्यावरचे सांधे आणि ठिगळंही दिसली पाहिजेत. ती गेली तर फोटोत नुसतं भोक उरतं. मग कॅमेरा न हलवता खुर्च्यांसाठी १५ ते ३० सेकंदांचा दुसरा फोटो. दोन्ही घरी जोडा: पडदा पहिल्यातला, बाकी सगळं दुसऱ्यातलं. जोडताना पडद्याच्या कडेला थोडी चमक सांडू द्या. कात्रीने कापल्यासारखी कड लगेच खोटी वाटते. छताखालचे कोपरे काळेच राहू देत. सिनेमाचा हॉल अंधारीच असतो.

घोळ होतो तो हादऱ्याने. जुनी बाल्कनी, त्यातून लाकडी पायऱ्यांची, माणूस चालला तरी थरथरते. तीस सेकंद सगळ्यांना जागेवर उभं करा. दोन सेकंदांचा टायमर लावा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हादरा सावरणारी सोय) बंद करा, आणि तिथेच फोटो मोठा करून खुर्च्यांच्या नंबरावर धार तपासा. नंबर वाचता येत नसेल तर पुन्हा काढा. घरी जाऊन ते दुरुस्त होत नाही.

केबिनमध्ये ३५ मिमीचं जुनं मशीन उभं असेल तर रिळाच्या बाजूने, खिडकीच्या उजेडात काढा. फ्लॅश मारलात तर काचेत तुम्हीच दिसाल.

बुकिंगच्या खिडकीला वेळ द्या. हात जाऊन जाऊन गुळगुळीत झालेली तिची कड बाजूच्या तिरप्या उजेडातच उठून दिसते, म्हणून तिथलं सकाळचं ऊन कधी येतं ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.