मुलांशी व्यसनाबद्दल आणि मनाच्या त्रासाबद्दल कसं बोलावं

बऱ्याच घरांत व्यसनाचा विषय निघतो तो मूल कॉलेजला जायला लागल्यावर. तोवर मावा, व्हेप (ई-सिगारेट), बिअर यांची माहिती त्याला मित्रांकडून मिळालेली असते. पाचवी-सहावीपासूनच बोलायला लागा. एकदाच मोठं भाषण नको, अधूनमधून दोन-चार वाक्यं पुरतात.

१. आधी घरातलं बोला. बाबांच्या खिशातली पुडी, आजीची मिश्री, काकांची दारू हे सगळं मूल रोज बघतं. लपवण्यापेक्षा सांगा : "मला ही सवय लागली, सोडायचा प्रयत्न करतोय, अवघड जातंय." असा बाप खोटं बोलत नाही हे मुलाला कळतं. आणि पुडी आणायला मुलाला टपरीवर कधीच पाठवू नका. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे.

२. समोर बसवून चौकशी करू नका. गाडीवरून जाताना किंवा मटार सोलताना मुलं जास्त बोलतात. "तुमच्या वर्गात कुणी मावा खातं का?" असं दुसऱ्यांबद्दल विचारा आणि गप्प राहा. उत्तर आलं की लगेच त्या मित्राशी मैत्री तोडायला सांगू नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी काहीच कळणार नाही.

३. खरं तेवढंच सांगा. "एकदा ओढलीस की संपलास" म्हणालात आणि ओढणारा मित्र दुसऱ्या दिवशी ठणठणीत दिसला, तर तुमच्या पुढच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास बसत नाही. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून कोवळ्या वयात निकोटिनची सवय लवकर जडते, हे सातवीतल्या मुलाला नीट समजतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून आणि देशभर ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, तरी त्या मिळतात, हेही सांगा.

४. एक शब्द द्या : "कुठेही अडकलास तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन, त्या रात्री ओरडणार नाही." आणि तो पाळा. दप्तरात पुडी सापडली तरी मारहाण नको. राग शांत झाल्यावर, कधीपासून आणि कशामुळे, एवढंच विचारा.

५. मनाचं दुखणं ऐका. अनेकदा नशेच्या मागे तेच असतं. झोप, भूक, खेळ, मित्र यांत दोन आठवडे फरक दिसला तर "काय नाटकं लावलीस?" असं म्हणू नका. जवळ बसा. काळजी वाटत असेल तर स्पष्ट विचारा, "तुला मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट एकट्याने वाहिलेलं ओझं बोलून दाखवता येतं. उत्तर 'हो' असेल तर मुलाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक आहेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे. उपचार सुरू झाले की शाळेत कुणाला आणि किती सांगायचं, हे मुलाला विचारूनच ठरवा.