कळवलं होतं, पण पोच कुठे आहे? यंत्रणांच्या समन्वयातल्या या चुका टाळा

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशा अनेक यंत्रणा धावून जातात अशी मोठी दुर्घटना घडली की चौकशी होते आणि अहवालात बहुतेक वेळा तेच निघतं: माहिती होती, पण ज्याला हवी होती त्याच्यापर्यंत गेली नव्हती. मग नवं सॉफ्टवेअर घेतलं जातं. माझ्या मते तिजोरी उघडण्याआधी खालच्या गोष्टी तपासाव्यात. यातल्या बऱ्याचशा फुकट सुधारता येतात.

पाठवलं की पोहोचलं, असं धरून चालणं

इंग्लंडमधल्या मँचेस्टर अरीना या कार्यक्रमांच्या सभागृहात २२ मे २०१७ रोजी रात्री १०:३१ला स्फोट झाला. त्यात २२ जणांचा जीव गेला. अग्निशमन दल मात्र घटनास्थळी आलं ते दोन तासांहून अधिक उशिरा. पोलिसांच्या नियंत्रण कक्षातल्या ड्युटी अधिकाऱ्याने सशस्त्र हल्ला सुरू असल्याचं गृहीत धरून ‘ऑपरेशन प्लेटो’ (अशा हल्ल्यासाठी आधीच ठरलेली योजना) जाहीर केलं होतं, पण ते अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेला कळवलं गेलं नाही. त्या एकाच अधिकाऱ्यावर कामाचा डोंगर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. एकत्र जमायचं कुठे, यावरही दलांचं एकमत नव्हतं. गंमत म्हणजे संयुक्त कामाची नियमावली ब्रिटनमध्ये तेव्हा काही वर्षं अस्तित्वात होती.

तुमच्याकडे हीच चूक होते का, हे ओळखायला सोपं आहे. घटनेनंतरच्या बैठकीत एक दल म्हणतं ‘आम्ही कळवलं होतं’, दुसरं म्हणतं ‘आम्हाला कळलंच नाही’, आणि दोघांचंही खरं निघतं. उपाय तीन पातळ्यांवर करा. निरोप घेणाऱ्याने त्यातला मुख्य भाग परत म्हणून दाखवावा. कोणी, किती वाजता घेतला हे दोन्हीकडच्या लॉगमध्ये उतरावं. ठरलेल्या मिनिटांत पोच आली नाही, तर दुसऱ्या मार्गाने कळवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, असं लेखी ठरवावं. आणि सगळे फोन एकाच माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवू नका. तो माणूस कितीही कर्तबगार असला तरी मोठ्या घटनेच्या पहिल्या काही मिनिटांत अडकणारच.

वायरलेसचं सामायिक चॅनल फक्त कागदावर असणं

११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तरेकडच्या मनोऱ्याची अवस्था दिसत होती आणि तो पडेल असे इशारे पोलिसांच्या वायरलेसवर दिले जात होते. आत असलेल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना ते ऐकू येण्याची सोयच नव्हती. त्या दिवशी या दलाचे ३४३ जण गेले. सगळेच त्या इशाऱ्याने वाचले असते असं म्हणता येणार नाही, पण बाहेरच्याला दिसतंय ते आतल्याला कळायला हवं, एवढं तरी त्यातून शिकायला हरकत नव्हती.

चॅनल सेटमध्ये भरलंय का, एवढंच विचारून थांबू नका. तळघरात आणि काँक्रीटच्या जिन्यात उभं राहून बोलून बघा. एन्क्रिप्शनच्या (बोलणं बाहेरच्याला कळू न देणाऱ्या) किल्ल्या दोन्ही दलांकडे जुळतात का? चॅनल बदलण्याचा आदेश कोण देणार? शिवाय वायरलेसवर शब्दांऐवजी वापरले जाणारे सांकेतिक क्रमांकही बघा. एका दलात एका आकड्याचा जो अर्थ, तो शेजारच्या दलात भलताच असू शकतो. म्हणूनच अमेरिकेत अनेक दलं एकत्र येतात तिथे साध्या भाषेत बोलण्याची अट २००६पासून केंद्रीय अनुदानाशी जोडली गेली.

‘नोंद सापडली नाही’ यावर समाधान मानणं

डिसेंबर २००९मध्ये एका तरुणाने डेट्रॉइटकडे निघालेल्या विमानात बाँब उडवण्याचा प्रयत्न केला. त्याच्या वडिलांनी महिनाभर आधीच अमेरिकी दूतावासाला सावध केलं होतं. पण शोध घेताना नावाचं स्पेलिंग चुकलं, आणि त्याच्याकडे चालू व्हिसा आहे हे त्या वेळी पुढे आलंच नाही. अरबी, सिरिलिक किंवा देवनागरीतलं नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिलं जातं. त्यामुळे उच्चारावरून शोध, अर्धवट जन्मतारीख, वडिलांचं नाव, कागदपत्राचा क्रमांक, असं सगळं पालथं घातल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये.

कधी नोंद खरोखरच नसते, कारण ती कोणी पाठवलेलीच नसते. टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्ज इथल्या चर्चमध्ये २०१७ साली गोळीबार करणाऱ्याला हवाई दलाच्या न्यायालयाने कौटुंबिक हिंसेबद्दल आधीच दोषी ठरवलं होतं. ती माहिती बंदूक विकण्याआधी तपासल्या जाणाऱ्या एफबीआयच्या यादीत गेली नाही, म्हणून त्याला दुकानातून बंदूक मिळाली. यावर औषध कंटाळवाणं आहे: दर महिन्याला किती निकाल लागले आणि किती नोंदी पुढे गेल्या याचा ताळा घ्यायचा. परत आलेल्या, म्हणजे त्रुटीमुळे नाकारलेल्या नोंदींची यादी कोण बघतं, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी कोणीच बघत नसतं.

घड्याळांचंही असंच, वेळ चुकली तर असलेली नोंदही सापडत नाही. सीसीटीव्हीचं घड्याळ सात मिनिटं पुढे असेल, तर फूटेज ताब्यात घेतानाच तो फरक लिहून ठेवा.

कायद्याच्या नावाने हात वर करणं, किंवा सगळंच सगळ्यांना वाटणं

इंग्लंडमधल्या सोहम इथे २००२ साली दोन मुलींचा खून झाला. आरोपीविरुद्धच्या जुन्या तक्रारी एका पोलीस दलाकडे आल्या होत्या, पण नोंदी टिकल्या नव्हत्या. दोष माहिती संरक्षण कायद्याला देण्यात आला. २००४च्या बिचर्ड चौकशीने तो दावा फेटाळला. दोष नोंदी सांभाळण्याच्या पद्धतीत होता. कायदा आड येतो असं कोणी म्हणालं तर ‘कोणतं कलम?’ एवढं विचारावं.

उलट टोकही वाईटच. खबऱ्याकडून आलेली माहिती सरसकट फिरवली तर त्याचा जीव धोक्यात येतो. पुढे कोणाला देता येईल हे मूळ यंत्रणेने प्रत्येक टिपणावर लिहावं आणि घेणाऱ्याने तिला न विचारता ते पुढे ढकलू नये. स्रोत किती भरवशाचा आणि माहिती किती पक्की, हे दोन वेगळे शेरे असतात. नक्कल करताना नेमके तेच गळतात आणि ऐकीव गोष्ट दुसऱ्या कार्यालयात खात्रीची होऊन बसते. त्याहून फसवं म्हणजे, एकाच खबऱ्याची बातमी तीन यंत्रणांमधून फिरून आपल्याकडे येते आणि तिघांनी दुजोरा दिला असं वाटतं. म्हणून मूळ टिपणाचा क्रमांक प्रत्येक नकलेवर असू द्या. दोन अहवालांवर तोच क्रमांक दिसला, तर तो एकच अहवाल धरायचा.