दोन हिरोंची खुन्नस कशी रचायची, सांगली स्टाईल

स्वतःचं सुपरहिरो कॉमिक काढायला घेतलेल्या पोरांच्या वह्या बघितल्या की एक गोष्ट हमखास दिसते, पहिल्याच पानावर दोन हिरो एकमेकांकडं डोळे वटारून उभे, मागं विजा चमकतायत, आणि का रे भांडतायत ही दोघं म्हणून विचारलं तर उत्तर येतं, रायव्हल आहेत की ते. बरं, पण भांडण कशावरनं? तिथं पोरगं गप. म्हणून हे लिहितोय. पॉवर, केस, ड्रेस सगळं नंतर, आधी कागदावर दोनच ओळी लिहा, पहिल्याला दुसऱ्याबद्दल काय चुकीचं वाटतंय आणि दुसऱ्याला पहिल्याबद्दल काय चुकीचं वाटतंय. ह्या दोन ओळी जमल्या नाहीत तर पुढं कितीबी फायटिंग काढा, वाचणारा पानं पलटत जाणार.

उदाहरण म्हणून माय हिरो अकॅडेमिया घ्या. बऱ्याच जणांनी ॲनिमे, म्हणजे त्याची कार्टून मालिका, बघितली असेल, पण शिकायला मांगाच, म्हणजे मूळ जपानी कॉमिकच, हातात घ्या कारण आपल्याला पानं काढायचीत. कोहेई होरिकोशीनं 2014 ते 2024 ही मालिका चालवली, 430 चॅप्टर, आणि मिदोरिया आणि बाकुगो ह्या दोन पोरांचं प्रकरण पहिल्या चॅप्टरपासून शेवटपर्यंत जिवंत ठेवलं. त्या जगात 80 टक्के लोकांना काही ना काही पॉवर आहे, मिदोरियाला काहीच नाही, आणि बाकुगोच्या तळहातावरच्या घामाचाच स्फोट होतो. लहानपणी बाकुगो ओढ्यात पडतो, बाकीची पोरं म्हणतात त्याला काय होतंय, आणि हा बिनपॉवरचा एकटाच पाण्यात उतरून हात पुढं करतो. मिदोरियाच्या मनात मदत. बाकुगोच्या डोक्यात मात्र हे, की हा फुसका मला कमी समजतोय. तो एक हात पुढं किती चॅप्टर पुरलाय बघा.

अजून एक बघून ठेवा, दोघांचा देव एकच आहे, त्या जगातला एक नंबरचा हिरो ऑल माइट. पण एकाला तो हसत हसत लोकांना वाचवताना दिसतो आणि दुसऱ्याला तो कधीच न हरणारा दिसतो. दोन वेगळे देव दिले असते तर दोघं आपापल्या वाटेनं गेले असते, भेटायचं कारणच उरलं नसतं. देव एक असला की रोज समोरासमोर येतात.

आता आपलं घ्या. ओढा तसाच उचलू नका, लगेच कळतं. समजा सांगलीच्या गावभागातला पक्या आणि कुपवाडचा संत्या, दोघं एकाच तालमीत. पक्या वस्तादांचा लाडका, कधी हरला नाही, आणि जत्रेच्या मैदानात सगळ्यांसमोर चितपट होतो. सगळे गप्प बसतात, संत्या तेवढा पळत जाऊन पाण्याचा तांब्या पुढं करतो. पक्या तांब्या उडवतो. संत्याला वाटतं ह्याला माज आहे, पक्याला वाटतं ह्यानं मुद्दाम सगळ्यांसमोर माझी कीव केली. हा प्रसंग दोन पानांत काढा, जास्त नको, आणि कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते तेव्हा अजिबात सांगू नका, दुसऱ्याची बाजू निदान तीन-चार अंकांनी उघडा. बहुतेक जण इथंच घाई करतात आणि विचारांच्या ढगांनी पान भरून टाकतात.

पॉवर. इथं मजा आहे, जरा थांबून करा. पॉवर स्वभावातनं आली पाहिजे आणि तिची किंमत अंगावर पडली पाहिजे. बाकुगोचा घाम म्हणजे गरम डोक्याच्या माणसाला गरम पॉवर, पण थंडीत घाम यायला वेळ लागतो म्हणून तो हळू सुरू होतो. मिदोरियाला ऑल माइटची ताकद मिळते पण अंग तयार नाही म्हणून सुरुवातीला वापरली की हाडं मोडतात. आपल्याकडं तर भूगोलच मदतीला आहे राव, पश्चिमेला शिराळ्यात धो धो पाऊस आणि पूर्वेला जत-आटपाडीत वर्षानुवर्षं पाण्याची बोंब, जिल्हा एकच. मग पक्याला वाफेची पॉवर द्या, प्यायलेल्या पाण्याची वाफ करून मारतो, कृष्णेच्या काठावर त्याला तोड नाही पण मे महिन्यात जतला नेला की पठ्ठ्या घशाला कोरड पडून बसतो. संत्याला उलटं द्या, कुठल्याही वस्तूचं वजन स्वतःच्या अंगावर ओढून घेतो, ट्रक हलका होतो आणि हा ट्रकएवढा जड, जमिनीवर ठीक आहे पण पाण्यात वापरलं की सरळ तळाला. आता एक जागा ठरवा आणि तिथं कुणाची पंचाईत होते ते बघा, सीन आपोआप सुचायला लागतात. एकमेकांना मारायला पॉवर देऊ नका, एकाच्या पॉवरला जिथं अडतं तिथं दुसऱ्याची चालली पाहिजे.

पहिली फाइट. मांगाच्या दुसऱ्या खंडात शाळेतल्या सरावाची लढत आहे ती चार वेळा वाचा. मिदोरिया बाकुगोचा पहिला घाव ओळखतो, कारण वर्षानुवर्षं वहीत त्याच्या नोंदी केल्यात, हा सुरुवात उजव्या हातानंच करणार हे त्याला माहीत असतं. तालमीत रोजच्या जोडीदाराला आपला डाव आपल्याआधी कळतो, तसंच हे. आणि निकाल बघा कसा लावलाय, जिंकणारी टीम मिदोरियाची पण तो स्वतः हात मोडून दवाखान्यात, हरलेला बाकुगो ओरखडासुद्धा न लागता उभा आणि आतनं पार ढासळलेला. निकाल असा लावा की जिंकलेल्यालाबी गोड लागू नये. एक जिंकला, दुसरा हरला, टाळ्या, असं केलं की खुन्नस तिथंच मेली.

मग मध्ये भरपूर वेळ जाऊ द्या आणि स्कोअर हलता ठेवा. हिरोच्या लायसनची परीक्षा मिदोरिया पास होतो, बाकुगो नापास. त्या आधी बाकुगोला व्हिलननी पळवलेलं असतं, त्याला सोडवण्याच्या लढाईत ऑल माइटची ताकद संपते, आणि ते ओझं हा पोरगा कुणाला न सांगता वागवत असतो. मग 117 ते 120 व्या चॅप्टरच्या आसपास रात्रीच्या मैदानात दोघांची दुसरी फाइट, जिथं व्हिलन नाही, डाव नाही, बक्षीस नाही, फक्त साचलेलं बाहेर पडतंय. जिंकतो बाकुगो, आणि शिक्षा दोघांनाही, त्याला चार दिवस खोलीत बंदी आणि मिदोरियाला तीन. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेत हीच सगळ्यात भारी फाइट, शेवटचं महायुद्ध वगैरे त्यापुढं गोंगाट वाटतो. तुमच्याही गोष्टीत एक फाइट अशी ठेवा जिथं जगाला काही धोका नाही. हरिपूरच्या संगमावर रात्री दोघंच, मागं नदीचा आवाज, एवढं पुरे.

माफी. ह्यात सगळे घसरतात. आधी कृती, मग शब्द, आणि मध्ये अंतर. 285 व्या चॅप्टरला बाकुगो विचार न करता मिदोरियाच्या आड येऊन वार अंगावर घेतो, तोंडानं माफी मागतो ती थेट 322 ला, पावसात, सगळ्या वर्गासमोर, आणि तेव्हा एरवीचं चिडवायचं नाव सोडून त्याला इझुकू ह्या खऱ्या नावानं हाक मारतो. आपल्याकडं कृतीची जागा तयार आहे, महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45, सांगलीतल्या पोराला हे आकडे पाठ असतात, तेव्हा पानाच्या कोपऱ्यात फक्त आकडा वाढवत न्या, 38, 41, 44, वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, वेगळं काही लिहायला लागत नाही. पक्या पाण्यात अडकलाय आणि संत्या, जो पॉवर वापरली तर बुडणार, तो उडी टाकतो. माफी त्याच अंकात मागू देऊ नका ओ, प्लीज.

बोलणं आपलंच ठेवा. लगा, मर्दा, भावा हे आलं पाहिजे, डब केलेल्या सिनेमासारखं 'मी तुला पराजित करीन' कोण बोलतंय इथं? 'ये की मर्दा' पुरतं. आणि पक्या संत्याला काय हाक मारतो ते पहिल्याच अंकात ठरवून टाका, कायम काहीतरी टोचणारी हाक, ती ज्या दिवशी बदलेल त्या दिवसासाठी राखून.

काढताना मांगा उजवीकडनं डावीकडं वाचतात हे लक्षात ठेवा, आपण मराठीत डावीकडनं काढणार, म्हणजे आधी बोलणारा डावीकडं पाहिजे, नुसती कॉपी केली तर उत्तर प्रश्नाच्या आधी येतं. शेडिंग पेन्सिलनं नको, झेरॉक्सला धुरकट येतं, काळ्या पेनानं रेघा मारा.

पहिला अंक 16 पानांचा करा, चार ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले की झालं. पहिल्या कागदाच्या एका बाजूला पान 16 आणि 1, मागं 2 आणि 15, असं पुढं, आधी कोऱ्या कागदावर नंबर टाकून दुमडून बघा नाहीतर झेरॉक्सवाला वैतागतो. सोळाव्या पानावर पक्या तांब्या उडवतो तिथं कापा.