साध्या सायकलला मोटर बसवताना

पेट्रोल इंजिनाचा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढा. बाजारातली टू-स्ट्रोक किट बहुतेक 25 सीसीच्या वरची असतात आणि मग कायद्याने ते मोटार वाहन ठरतं. घरी जोडलेल्या डुगडुगीला आरटीओ नंबर देईल ही आशाच नको. विजेच्या मोटरचं गणित सोपं आहे, या अटी पाळल्या तर ती सायकलच राहते: ताकद 250 वॉटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, ब्रेक धड, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. हे सगळं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेलं असावं, असंही नियम सांगतो. म्हणून किटवाल्याकडे तो कागद मागाच.

सायकल

गिअर-सस्पेन्शनची चकचकीत सायकल नको. मुंबईत काळबादेवीच्या सायकल बाजारात मिळते तशी 26 इंची, बिनगिअरची, लोखंडी चिमट्याची (पुढचं चाक दोन पायांत धरणारा फोर्क) घ्या. जुनी असली तरी हरकत नाही. खिशात लोहचुंबक ठेवा, चिमट्याला चिकटला तरच पुढे बोला. वाचलेले पैसे ब्रेकवर खर्च करा. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसाचं पाणी पडलं की ब्रेकशू नुसते घसरतात. मागची रिम अ‍ॅल्युमिनियमची करून घ्या, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या, शू नवे टाका. मोटरला हात लावायचा तो यानंतर.

मोटरचं चाक

36 व्होल्ट, 250 वॉटची पुढच्या चाकाची हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागीच बसणारी मोटर घ्या. चेन आणि फ्रीव्हीलला हात लावावा लागत नाही. हबच्या अ‍ॅक्सलला दोन बाजूंनी सपाट तासलेलं असतं, ती रुंदी साधारण 10 मिलिमीटर. स्वस्त चिमट्याची खाच त्याहून अरुंद निघते, म्हणून कानसीने घासावी लागते. दोन्ही पायांना सारखं आणि थोडं-थोडं घासा; एका बाजूला जास्त गेलं की चाक तिरकं बसतं.

आता मुख्य गोष्ट. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा अ‍ॅक्सल उलटा फिरू पाहतो. अ‍ॅल्युमिनियमची खाच त्या जोराने फाटू शकते. लोखंडाची टिकते, पण नट सैल पडला तर तिचाही भरवसा नाही. अ‍ॅक्सल खाचेत गरकन फिरला की त्यातून निघालेल्या वायरी पिळवटून तुटतात आणि चाक निसटतं. म्हणून दोन्ही बाजूंना दातेरी वॉशर आणि निदान एका बाजूला टॉर्क आर्म, म्हणजे अ‍ॅक्सलला फिरू न देणारी लोखंडी पट्टी, हवाच. त्याची पट्टी चिमट्याला क्लॅम्पने घट्ट आवळा. प्लॅस्टिकच्या केबल टायवर भागवू नका.

बॅटरी आणि वायरिंग

36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे 360 वॉट-अवर. पायडल मारत राहिलात तर 25-30 किलोमीटर निघतात. कॅरियरपेक्षा फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात ठेवा, तोल सांभाळतो. बीएमएस (बॅटरी जास्त चार्ज किंवा फार रिकामी होऊ न देणारं सर्किट) नसलेला सुटा पॅक कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. चार्जिंग रात्रभर नको आणि जिन्यात किंवा दाराजवळ तर नकोच. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच.

कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणारी पेटी, सीटखाली लावा, वायरींची तोंडं खाली. प्रत्येक वायर कनेक्टरच्या आधी जरा खाली लोंबू द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकून जातं. जोडांवर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. नुसती इन्सुलेशन टेप जुलैतच सुटते. मोटरच्या तीन जाड वायरी रंगाला रंग लावून जोडा. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा लिव्हरचा कट-ऑफ स्विच जोडल्याशिवाय थ्रॉटल (मोटरचा वेग वाढवणारी मूठ) जोडायचाच नाही. बॅटरी सगळ्यात शेवटी आणि त्याआधी मल्टिमीटरने लाल-काळं तपासून घ्या. उलटं लागलं तर कंट्रोलर गेलाच समजा. पूर्ण चार्जला 42 व्होल्ट दिसले पाहिजेत.

चाचणी

पुढचं चाक उचलून थ्रॉटल हलकेच द्या. उलटं फिरलं तर कंट्रोलरच्या सेल्फ-लर्निंगच्या (मोटरची दिशा ठरवणाऱ्या) दोन वायरी क्षणभर जोडून सोडा. 26 इंची चाकाला ताशी 25 किलोमीटरसाठी मिनिटाला सुमारे 200 फेरे लागतात. उचललेलं चाक थोडं जास्त फिरेल, त्याचं काही नाही. मग सोसायटीच्या आवारात फिरवा, ब्रेक मारून पाहा आणि अ‍ॅक्सलचे नट पुन्हा आवळा. फ्लायओव्हरच्या चढावर पायडल मारा, नाहीतर मोटर तापते. सी-लिंक आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे, मोटर असली तरी.