चिनी बोलताना वाक्याचा क्रम चुकतोय? या चुका टाळा

चिनी शिकू लागलेल्या मराठी माणसाची वहीतली वाक्यं बरोबर असतात, पण कुणी समोरून प्रश्न विचारला की पटकन 'वो छा ह' असं निघून जातं. मी चहा पितो. तिन्ही शब्द बरोबर, क्रम मात्र मराठीचा. चिनीत क्रियापद कर्माच्या आधी येतं, म्हणून 'वो ह छा' म्हणायला हवं. उच्चार इथे देवनागरीत अंदाजे दिले आहेत, सूर ऐकूनच शिकावे लागतात.

ही चूक नियम घोकून जात नाही, कारण बोलण्याच्या ओघात नियम आठवायला वेळच नसतो. त्यापेक्षा क्रियापद सुटं पाठ करणं बंद करा. 'ह छा' म्हणजे चहा पिणं, 'छ्र फान' म्हणजे जेवणं, 'खान शू' म्हणजे पुस्तक वाचणं, अशा जोड्याच तोंडात बसवा. मग जोडी आयतीच बाहेर येते.

इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आपण बहुतेक जण चिनी इंग्रजी पुस्तकांतून शिकतो आणि मनातल्या मनात इंग्रजीतून भाषांतर करत बोलतो. मग 'वो ह छा त्साय च्या' असं वाक्य तयार होतं, इंग्रजीसारखं 'घरी' शेवटी ढकललेलं. बरोबर वाक्य आहे 'वो त्साय च्या ह छा'. मराठीत आपण काय म्हणतो? मी घरी चहा पितो. म्हणजे 'घरी' आधीच योग्य जागी आहे! वेळेचंही तसंच: 'वो मिंगथ्यन छ्यू पेइचिंग', मी उद्या बीजिंगला जातो. तुलना करतानाही 'था पी वो काओ', म्हणजे तो माझ्यापेक्षा उंच. क्रम जवळपास आपलाच.

म्हणून वाक्य मराठीतून रचा. कधी, कुठे, कुणाबरोबर हे सगळं मराठीसारखंच क्रियापदाआधी राहू द्या आणि फक्त कर्म उचलून क्रियापदानंतर ठेवा. इंग्रजी पुस्तकांतल्या अनेक सूचना इंग्रजी बोलणाऱ्यांच्या चुकांसाठी असतात, त्या आपल्याला लागू पडतीलच असं नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी फसवते. 'केव्हा' क्रियापदाआधी येतं, पण 'किती वेळ' क्रियापदानंतर. मी आठ तास झोपलो हे 'वो श्वेइ ल पा क श्याओश' असं होतं, आणि आठ तास आधी घेतले की वाक्य खटकतं.

प्रश्न, नकार आणि 'ही'

प्रश्नार्थक शब्द उत्तराच्या जागीच ठेवायचा. 'नी ह शन्म?' म्हणजे तू काय पितोस. शेवटी 'मा' जोडू नका. तो आपल्या 'का'सारखा हो-नाहीच्या प्रश्नाला लागतो: 'नी ह छा मा?' नकाराचा 'पू' क्रियापदाआधी येतो: 'वो पू ह छा'. मराठी 'नाही'च्या सवयीने तो शेवटी जातो, तेवढं जपा.

'ही'साठीचा चिनी शब्द 'ये' मात्र जास्त त्रास देतो. आपला 'ही' हव्या त्या शब्दाला चिकटतो: मीही चहा पितो, मी चहाही पितो. चिनीत दोन्हींसाठी वाक्य एकच, 'वो ये ह छा'. नेमका अर्थ संदर्भ आणि जोर देऊन बोलण्यावरून कळतो. 'ये'ला कर्त्याच्या आधी किंवा कर्माला चिकटवून ठेवायचा मोह टाळा.

घाई कुठे करू नये

भाषा कशी शिकली जाते याचा अभ्यास करणारे मान्फ्रेड पीनेमान यांच्या प्रक्रियाक्षमता सिद्धांतानुसार शिकणारा आधी ठरावीक कर्ता-क्रियापद-कर्म क्रम पकडतो, मग काळाचे-जागेचे शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणतो आणि कर्म सुरुवातीला आणणं त्याहून उशिरा जमतं. मधली पायरी गाळता येत नाही. त्यामुळे परीक्षेत बरोबर आलेलं वाक्य गप्पांत चुकलं तर निराश होऊ नका, वेग वाढला की आधीची सवय वर येतेच.

'पा' वापरून कर्म क्रियापदाआधी आणता येतं हे कळल्यावर मराठी विद्यार्थी खूश होतात आणि 'वो पा छा ह' म्हणू लागतात. हे चालत नाही. 'पा' आला की क्रियापद उघडं ठेवता येत नाही, कर्माचं पुढे काय झालं ते सांगावं लागतं: 'वो पा छा ह वान ल', मी चहा पिऊन संपवला. 'संपवला' सांगणारे 'वान'सारखे शब्द हाताशी येईपर्यंत 'पा' बाजूलाच ठेवा.